सोलापूरहून दोन दिवसांची सायकल सफर : मार्ग कोणता घ्यावा?

प्रश्न : डिसेंबरमध्ये मी व माझी धाकटी बहीण सोलापूरहून दोन दिवस सायकलने फिरणार आहोत. अभयारण्य, तलाव आणि एखादे ऐतिहासिक स्थळ पाहण्याची इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १ : पहिल्या दिवशी पहाटेच बार्शी रस्त्याने नान्नजला जावे. माळढोकासाठी राखलेल्या या अभयारण्यात घनदाट झाडीची अपेक्षा ठेवू नये, कारण हा पक्षी उघड्या गवताळ माळरानावरच राहतो. तो आता क्वचितच दिसतो. काळवीट मात्र दिसतात. सायकल गवतात मुळीच घालू नये. सायंकाळी तुळजापूर रस्त्यावरील हिप्परग्याचा तलाव गाठावा.

उत्तर २ : दुसऱ्या दिवशी अनेक जण नळदुर्ग सुचवतील, आणि बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातील तो पाणीमहाल खरोखरच अजोड आहे, परंतु महामार्गावरील अवजड वाहनांमुळे मी हत्तरसंग कुडल सुचवेन. तेथे भीमा-सीना संगमावरील मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेची हजार वर्षांपूर्वीची अक्षरे समोर पाहताना मला गहिवरून आले होते.

उत्तर ३ : वाटेत वेड्या बाभळीचे काटे फार आहेत. मागील वर्षी शाळूच्या शेताकडेला माझ्या चाकातून बोटाच्या पेराएवढा काटा निघाला. दोन जादा ट्यूब आणि पंप अवश्य जवळ ठेवावेत.