मदत हवी आहे : स्कॉर्पिओला जुनं इंजिन बसवावं की आहे तेच उघडून दुरुस्त करून बांधावं?

गाडी 2012 ची स्कॉर्पिओ, 2.2 एमहॉक (2179 सीसी, 120 पीएस), 2,60,000 किमी. रेडिएटर फुटून गरम झाली. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 17 बार, बाकीचे 25-26. डिपस्टिकवर ताकासारखा फेस आणि चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं की धूर भसाभसा येतो. म्हणजे पिस्टन-रिंगाही गेल्या असणार, नुसती हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) बदलून भागणार नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं इंजिन मिळतंय. एक्सयूव्ही 500 चंही दाखवतात, सीसी तेच म्हणून. पण ते आडवं बसतं, स्कॉर्पिओचं उभं. त्या वाटेला जायचं नाही.

प्रश्न असे:

खाली ठेवलेलं इंजिन कसं पारखता? क्रँक हाताने फिरवणं, चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) उघडून बेअरिंगचा चुरा पाहणं, टर्बोच्या शाफ्टची ढिलाई, एवढं ठरलंय. बॅटरी आणि स्टार्टर लावून कॉम्प्रेशन दाखवायला दुकानदार तयार होतात का?

टायमिंग चेन, टेन्शनर, गाईड, वॉटर पंप आणि मागचं ऑइल सील बसवण्याआधीच बदलणार. क्लच प्लेटही लगेच घालावी का?

इंजेक्टर (डिझेल फवारणारे) आपलेच ठेवावेत की इंजिनासोबतचे? दुसरे घातले तर त्यांचे कोड ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायला स्कॅनरवाला लागेल. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) मात्र धुणारच, त्यात साचलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर किल्ली काढूनही इंजिन बंदच होत नाही.

इंजिन बदलल्यावर आरटीओत 14 दिवसांत कळवायचंय. बिलावर इंजिन नंबर हवाच. ते इंजिन ज्या गाडीतून काढलं तिची कोणती कागदं मागतात?

आहे तेच इंजिन बोअर करून (सिलिंडर थोडा मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन घातलेल्यांनी किती किमी झाले तेही लिहा.