शब्दचर्चा : फ्लॅशबॅक ‘येतो’ की फ्लॅशबॅकमध्ये ‘जातो’?

अर्धविराम
एका कथेचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यावर तीन दिवस अडलेय. नायिका पटकथा लिहिते. लहानपणी घराला लागलेल्या आगीतून वाचलेली. एके ठिकाणी ती म्हणते, ‘मी फ्लॅशबॅक लिहायला बसते आणि मलाच फ्लॅशबॅक येतो.’ मुळात दोन्ही जागी एकच शब्द आहे आणि सगळी धार त्यातच आहे. पहिल्या जागी ‘पूर्वदृश्य’ आणि दुसऱ्या जागी ‘जुनी आठवण’ असं लिहून पाहिलं. वाक्य मेलं. दोन्हीकडे चालेल असा मराठी शब्द आहे का? संपादकांचं म्हणणं, इंग्रजी शब्द शक्यतो नको.

पोटओळ
पूर्वदीप्ती. हिंदी समीक्षेत ‘पूर्वदीप्ति’ सर्रास वापरतात. तत्सम शब्द आहे, म्हणजे जितका त्यांचा तितकाच आपला. ‘फ्लॅश’ची दीप्ती झाली, ‘बॅक’चं पूर्व झालं. आणखी काय हवं?

गोगलगाय
‘मला पूर्वदीप्ती येते’ म्हटलं की दीप्तीची थोरली बहीण भेटायला येतेय असं वाटतं. हलके घ्या.
पण खरंच, शब्द कोणाच्या तोंडी घालायचाय ते बघा की. आगीच्या आठवणीने दरदरून घाम फुटलेली बाई ‘पूर्वदीप्ती’ म्हणेल? फ्लॅशबॅकमध्ये, फ्लॅशबॅकला, फ्लॅशबॅकनंतर. प्रत्यय लागले, शब्द घरचा झाला.

पोटओळ
प्रत्यय कशालाही लागतात, त्याने शब्द घरचा होत नाही, फार तर मुक्कामाला येतो. ‘दिग्दर्शक’ हा शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही कोणीतरी दीप्तीछाप विनोद केलाच असेल. आज तोच शब्द तुम्ही डोळे मिटून वापरता.

जुनी वही
‘सिंहावलोकन’ का नको? सिंह चालता चालता थांबून मागे वळून बघतो, त्यावरून आलेला शब्द. गोष्ट पुढे चाललेली असते, मधेच थांबून मागे बघते. तंतोतंत.

गोगलगाय
सिंहावलोकन म्हणजे वरवर नजर टाकणं ना? आमच्या हापिसात दर मार्चअखेर होतं.

जुनी वही
नाही! वरून नजर टाकणं ते विहंगावलोकन. पक्षी वरून बघतो, सिंह मागे बघतो. हापिसात दोन्ही एकच समजतात म्हणून अर्थ बदलत नाही.

तिसरी घंटा
सिंह रुबाबात बघतो हो. त्याला कोणी बघायला लावत नाही. अर्धविराम यांच्या बाईला बघायचंच नाहीये, तरी दिसतंय. सिंहावलोकन पहिल्या जागी एक वेळ चालेल, दुसऱ्या जागी अजिबात नाही.

‘मागोवा’ही त्याच कारणाने बाद. माग काढत जाणारा माणूस स्वतःच्या पायांनी जातो.

पोटओळ
शब्द नसेल तर कल्पनाच परकी आहे असं कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो : संस्कृत नाटकात विष्कंभक होताच.

तिसरी घंटा
विष्कंभक म्हणजे फ्लॅशबॅक नव्हे. दोन अंकांच्या मधे मधल्या किंवा खालच्या दर्जाची पात्रं येतात आणि काय घडलं ते थोडक्यात सांगून जातात. काय घडणार आहे तेही सांगतात. दशरूपक या जुन्या नाट्यग्रंथाच्या व्याख्येत ‘वृत्त’ आणि ‘वर्तिष्यमाण’ दोन्ही आहे. आणि मुख्य म्हणजे सांगतात, दाखवत नाहीत.

त्यापेक्षा भवभूतीच्या उत्तररामचरित नाटकाचा पहिला अंक बघा. राम, सीता, लक्ष्मण स्वतःच्याच वनवासाची चित्रं बघतायत. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता दचकते, आता पुन्हा ताटातूट होणार म्हणून व्याकूळ होते. रामाला समजूत घालावी लागते की अगं, हे चित्र आहे. प्रेक्षकाला पूर्वकथाही कळली आणि सीतेला ती पुन्हा भोगावीही लागली. म्हणजे अर्धविराम यांचे दोन्ही फ्लॅशबॅक भवभूतीने एकाच प्रवेशात बसवलेत. आठव्या शतकात.

अर्धविराम
वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याला भवभूती काय म्हणतो?

तिसरी घंटा
काहीच नाही. करून दाखवतो.

अवांतर : एका हौशी प्रयोगात आमचा नायक साठीचा होता. फ्लॅशबॅकमध्ये त्याने चष्मा काढायचा, निळा स्पॉट यायचा आणि तो विशीचा व्हायचा, असं ठरलं होतं. चष्मा काढला, स्पॉट आला, पण चष्म्याशिवाय त्याला काही दिसेना, म्हणून त्याने तो परत लावला. पुढची दहा मिनिटं प्रेक्षकांना म्हातारा आईच्या मांडीवर डोकं ठेवून का रडतोय ते कळलं नाही.

गोगलगाय
+१. खुर्चीतून पडलो.

महाभारताचं कोणी काढलं नाही अजून? संजय कुरुक्षेत्रावरून येतो तो थेट ‘भीष्म पडले’ हे सांगतच. म्हणजे दहा दिवस होऊन गेलेत. मग धृतराष्ट्र विचारतो आणि संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सुरू करतो. गीता त्यात येते. पडद्यावर बघून बघून आपल्याला वाटतं की संजय थेट प्रक्षेपण करतोय. भीष्मपर्वात अख्खी गीता फ्लॅशबॅकमध्ये आहे.

पोटओळ
गीता फ्लॅशबॅकमध्ये आहे! हे वाक्य वाचायला मिळालं, आता डोळे मिटायला हरकत नाही.

ठिणगी
मी फॅब्रिकेशनवाला, साहित्याशी संबंध वाचण्यापुरता. आमच्याकडे फ्लॅशबॅक म्हणजे वेगळंच. गॅस वेल्डिंग करताना गॅसचा दाब चुकला किंवा नोझल तुंबलं की ज्योत बाहेर जळायच्या ऐवजी उलटी टॉर्चमध्ये शिरते. शिट्टीसारखा आवाज येतो. तिथून ती होजपाइपमध्ये आणि पुढे सिलिंडरपर्यंत जाऊ शकते, म्हणून मधे फ्लॅशबॅक अरेस्टर लावतात. नुसतं फट् होऊन ज्योत विझली तर ते बॅकफायर, त्याला एवढं कोणी घाबरत नाही. इंग्रजीत हा आगीचा अर्थ सिनेमातल्या अर्थाच्या आधीचा आहे. भट्टीतली ज्वाळा उलटणं, १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. सिनेमाचा अर्थ १९१६ च्या सुमाराचा. नवीन पोरांना मी एवढंच शिकवतो : शिट्टी ऐकू आली की आधी व्हॉल्व बंद, मग बाकीचं.

अर्धविराम
ठिणगी, तुम्ही काय दिलंत तुम्हाला माहीत नाही. बाई आगीतून वाचलेली आहे!

जुनी वही
मला वाटतं आपण सगळे नाम शोधतोय आणि काम क्रियापदाचं आहे. सिनेमात आपण फ्लॅशबॅकमध्ये ‘जातो’. तिला तो ‘येतो’. मराठीने फरक आधीच केलाय.

दुसरं, काळ. मराठी गोष्टीत मागे जायचं तर ‘होता’ लागतो. ‘ती दाराशी उभी राहिली होती. तिने कडी घातली होती.’ असे दोन ‘होते’ उंबरठ्यासारखे ओलांडायचे की वाचक आत आला. मग गुपचूप साध्या भूतकाळात : ‘तिने कडी घातली. काडी ओढली.’ प्रत्येक वाक्याला ‘होती’ लावणारा लेखक वाचकाला दर पावलाला ठेचकाळवतो. नाहीतर आपला रीतिभूतकाळ आहेच : ‘आई दिवा लावी, मग दार ओढून घेई.’ एका मात्रेत माणूस मागे जातो, कुठला शब्दही लागत नाही.

गोगलगाय
रीतिभूतकाळात ‘घराला आग लागे’ म्हणून बघा. रोज संध्याकाळी लागायची असं वाटतं.

जुनी वही
म्हणूनच तो एकदाच घडलेल्या गोष्टीला चालत नाही. पण मुद्दा वेगळाच आहे. पडद्याला ‘होता’ नसतो. तिथे पन्नास वर्षांपूर्वीचं दृश्यही डोळ्यांसमोर आत्ता घडतं, म्हणून तर पूर्वी पडदा लहरवायचे, धूसर करायचे. आघातातून गेलेल्या माणसाचंही तेच. त्याला आग ‘आठवत’ नाही, ती आत्ता लागते. या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली स्वतंत्र नाव मिळालं, तिथेही लक्षण हेच : प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखं वाटणं आणि वागणं. तेव्हा ‘आठवण’ हा शब्द दुसऱ्या जागी चुकीचाच.

तिसरी घंटा
पटलं, पण ‘येतो-जातो’ नाही. पटकथेत आम्ही सर्रास ‘इथे फ्लॅशबॅक येतो’ असं लिहितो. क्रियापद एवढं इमानदार नसतं.

पोटओळ
क्रियापद इमानदार नाही, नाम परकं. मग उरलं काय? अव्ययं?

गोगलगाय
एक शंका. सिंह खरंच मागे वळून बघतो का? मी टीव्हीवर पाहिलेले सगळे नाकासमोर चालतात.

जुनी वही
न्याय आहे तो संस्कृतमधला, म्हणजे दृष्टांत. सिंहाला विचारून केलेला नाही.

अर्धविराम
ठिणगी यांच्या उलट्या ज्योतीवरून हे लिहून पाहिलं : ‘मी फ्लॅशबॅक लिहायला बसते आणि तो माझ्यावरच उलटतो.’ शब्द एकदाच आला, दुसऱ्या जागी नुसता ‘तो’. इंग्रजी शब्द एकच उरला, संपादकांना तेवढा चालावा.

ठिणगी
ज्योत तशीच उलटते. बरोबर आहे.

तिसरी घंटा
वाक्य छान आहे, पण ‘माझ्यावर उलटतो’ म्हणजे तिने त्याला डिवचलं होतं असं होतं. माणूस उलटतो, साप उलटतो. मूळ वाक्यात तिची चूक नाहीये.

पोटओळ
आणि ‘फ्लॅशबॅक’ तसाच राहिला. पूर्वदीप्ती घालून बघितलंत का? ‘ती माझ्यावरच उलटते.’

गोगलगाय
दीप्तीची बहीण अंगावर आली. मी निघतो.

जुनी वही
जाताना तो सिंहाचा वेगळा धागा काढा. इथे साप आधीच आलाय.