अनुभव धागा : मुलांच्या तोंडचं ‘ओ माय गॉड’ चालवून घ्यावं का?

धागाकर्ती

मनोरा पडला की चार वर्षांचं मूल ‘ओ माय गॉड!’ म्हणून ओरडतं. एका घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसऱ्या घरात आजी दचकते. धागा त्यासाठीच आहे. शिव्यांचा विषय इथे नको. देवाचं, प्रेषिताचं किंवा नरकाचं नाव घेऊन केलेले सौम्य उद्गार, एवढंच. किस्से नकोत. मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांनी काय चालतं, काय फसतं आणि का फसतं, हे नेमकं लिहावं.

आधी एक वाटणी करून ठेवते. ‘अरे देवा’, ‘देवा रे’, ‘ओ माय गॉड’ हे नुसते उद्गार. ‘देवाशप्पथ’, ‘खुदा कसम’ या शपथा. ‘देव तुला बघून घेईल’ हे शापाकडे झुकणारं. मोठी माणसं तिन्हींना एकच काठी लावतात आणि तिथेच घोळ होतो. माझं मत असं : पहिल्याबद्दल ज्या त्या घराने ठरवावं, दुसऱ्याची सवय मोडावी, तिसरं अजिबात चालवून घेऊ नये.

वाचा-उपचार करणारी

दीड ते तीन वर्षांचं मूल ‘ओमायगॉड’ हा सलग एकच शब्द म्हणून उचलतं. त्यात देव आहे हे त्याच्या गावीही नसतं. ते उचलतं तो सूर : चढलेला आवाज, ताणलेला स्वर, विस्फारलेले डोळे आणि पाठोपाठ सगळ्यांच्या वळलेल्या माना. दिवसभरातली साधी वाक्यं निसटतात आणि हा उद्गार चिकटतो, तो या सुरामुळे. म्हणून या वयात ‘असं बोलू नये, देव रागावतो’ हे समजावणं वाया जातं, वर भीती तेवढी शिल्लक राहते.

करायचं ते असं. मुलाने उद्गार काढला की चेहरा जसा आहे तसाच ठेवा. हसणं नको, भुवई उडवणं नको, ‘काय म्हणालास?’ नको. लगेच घडलेल्या गोष्टीकडे वळा आणि आपल्याला हवा तो उद्गार त्याच चढ्या सुरात द्या : ‘बाऽप रे, केवढा मनोरा पडला!’ सूर तोच हवा. सपाट आवाजात ‘बाप रे म्हण हं’ सांगितलं तर मूल ते घेत नाही, कारण त्यात घेण्यासारखं काहीच नसतं.

दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस तोच उद्गार वाढतो. मोठ्याने येतो, तुमच्या तोंडाजवळ येऊन येतो. नेहमीची गंमत कुठे गेली हे मूल तपासून बघत असतं. नेमकी इथे बहुतेक घरं कच खातात आणि रागावतात. रागावणं हेही लक्षच झालं. दुसरी अडचण म्हणजे घरातलं एखादं माणूस फिसकन हसतं. अधूनमधून मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा सवय जास्त घट्ट करतं. तेव्हा मामा-मावशीसकट सगळ्यांना आधी सांगून ठेवा, आणि ‘पुन्हा म्हण ना’ करून व्हिडिओ काढणं तर पूर्ण बंद करा.

प्राथमिक शिक्षिका

वर्गात हा नियम पापपुण्यावर उभा करू नका. ‘हे पाप आहे’ म्हटलं की ज्याची आई घरी तोच उद्गार काढते ते मूल गोंधळतं, नाहीतर घरी जाऊन आईलाच पापी ठरवतं. ‘वर्गातले शब्द’ आणि ‘घरातले शब्द’ अशी वाटणी करा. मैदानावरचा आवाज वाचनालयात चालत नाही हे सहा वर्षांच्या मुलाला कळतं, तसं हेही कळतं.

नियम सांगितला की दुसऱ्या दिवसापासून चहाड्या सुरू होतात : ‘बाई, हा देवाचं नाव घेतो!’ मूळ शब्दापेक्षा त्यांचाच ताप जास्त. म्हणून नियम सांगतानाच सांगा की हा ज्याने त्याने स्वतःपुरता पाळायचा आहे. तरी चहाडी आलीच तर ‘बरं, तू अशा वेळी काय म्हणतोस?’ एवढंच विचारून पुढे जा.

नको असलेले शब्द फळ्यावर लिहू नका. ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही ते पाठ होतात. हवे असलेले पाच-सहा उद्गार मुलांकडूनच काढून घ्या आणि तेवढेच लिहा. दंडाची बरणीही नको. नाणं टाकून शब्द विकत घेता येतो हा हिशोब आठ वर्षांच्या मुलाला फार लवकर जमतो.

ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारा

बरणीबद्दल पूर्ण सहमत. इंग्लंडने हा प्रयोग शतकानुशतकं करून पाहिला. १६०६च्या कायद्याने रंगभूमीवर थट्टेने देवाचं नाव घेतलं तर १० पौंड दंड होता. १७४५च्या कायद्यात दंड माणसाच्या दर्जाप्रमाणे : मजूर, साधा सैनिक किंवा खलाशी असेल तर १ शिलिंग, सभ्य गृहस्थ असेल तर ५ शिलिंग. तो कायदा १९६७मध्ये रद्द झाला. शब्द तिथेच आहेत.

आता मुलांसाठी. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातल्या ७व्या ओवीत आहे. यहुदी आणि बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत ती तिसरी, कॅथलिक आणि लुथरन मोजणीत दुसरी. मुलं यावरून खरोखर भांडतात, तेव्हा दोन्ही आकडे आधीच सांगून टाका.

घराघरांतली कडकपणाची पातळी वेगळी असते आणि पाहुण्या मुलांची पंचाईत इथेच होते. काही घरांत ‘गॉड’ चालतं पण ‘जीझस’ दचकून म्हटलेलं चालत नाही. काही घरांत ‘गॉश’, ‘गॉली’, ‘जीझ’ हेही चालत नाहीत, कारण पहिले दोन ‘गॉड’चे आणि तिसरा ‘जीझस’चा मुखवटा. ‘हेक’ म्हणजे ‘हेल’, ‘डार्न’ म्हणजे ‘डॅम’. कार्टून बघून मूल ‘जीझ’ म्हणायला लागलं की पालक सुटकेचा श्वास टाकतात. कडक घरात मात्र ते तितकंच खटकतं. तेव्हा मुलाला पर्याय देताना मुखवट्यातला शब्द देऊ नका. मुळात देवाशी संबंधच नसलेला शब्द द्या.

मूल दुसऱ्या घरी राहायला जाणार असेल तर तिथल्या मोठ्यांना सरळ विचारा : ‘तुमच्याकडे देवाचं नाव उद्गार म्हणून चालतं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर मुलाला एका वाक्यात सांगा : ‘ते लोक ज्याची प्रार्थना करतात त्याचं नाव त्यांना असं फेकलेलं आवडत नाही, तिथे आपण बाप रे म्हणायचं.’ पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. लांबलचक प्रवचन दिलं तर मूल तो शब्द तिथे जाऊन मुद्दाम वापरून बघतं.

मुलांना कुराण शिकवणारी

मला उद्गारापेक्षा शपथेची काळजी जास्त वाटते. ‘वल्लाही’ (अल्लाची शपथ) किंवा ‘खुदा कसम’ वाक्यावाक्याला लावणाऱ्या मुलाला दोन गोष्टी कळायला हव्यात. नकळत तोंडातून गेलेल्या शपथेबद्दल पकड नाही. पण ठरवून घेतलेली शपथ मोडली तर प्रायश्चित्त आहे : दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, किंवा गुलामाची मुक्तता, आणि यातलं काहीच शक्य नसेल तर तीन दिवस रोजे. हे कुराणाच्या पाचव्या सूरेत (अध्यायात), ८९व्या आयतीत आहे. एवढं ऐकलं की शपथ ही तोंडी लावायची गोष्ट नाही हे मुलाला आपोआप उमगतं. बायबलमधल्या मत्तयच्या ५व्या अध्यायात तर शपथ वाहूच नका, तुमचं ‘होय’ होय असू द्या, असं स्पष्ट आहे.

मुलांना शपथ शिकवतो कोण? आपणच. ‘खरं सांगतोस? घे शपथ!’ असं म्हटलं की शपथेशिवायचं बोलणं कच्चं ठरतं. सात-आठ वर्षांची मुलं मग चढाओढ लावतात : देवाशप्पथ पुरेना म्हणून आईशप्पथ, ती पुरेना म्हणून गळ्याशप्पथ.

शपथ मागणं आजपासून बंद करा. त्याऐवजी क्रमाने विचारा : आधी काय झालं, मग काय, तू कुठे उभा होतास, अजून कोण होतं. बनवलेली गोष्ट अशा तपशिलात अडखळते. मुलाने स्वतःहून शपथ घेतली तर ‘शपथेशिवाय सांग, मी ऐकतेय’ म्हणा आणि खरोखर ऐका. आणि एक गोष्ट फार जपा. खोटी आईशप्पथ घेतलेलं मूल आई आता मरणार या भीतीने रात्री जागं राहतं, आईला चिकटून बसतं, आणि कारण सांगत नाही. असं वाटलं तर उलटतपासणी न करता सांगा : ‘शपथेने कुणाला काही होत नाही. खोटं बोलणं झालं असेल तर ते आपण दोघं मिळून सरळ करू.’

वाचा-उपचार करणारी (पुन्हा)

पर्यायी शब्दांबद्दल थोडं. शब्द तीन-चार अक्षरांचा हवा, त्यात ‘प’, ‘ब’, ‘च्च’ असं फुटणारं काहीतरी हवं आणि ताणता येणारा एक स्वर हवा. ‘बाप रे’, ‘अरेच्चा’, ‘हात्तिच्या’, ‘अगं बाई’ चालतात. ‘किती वाईट झालं’ चालत नाही. ते वाक्य आहे, दचकलेल्या तोंडातून निघत नाही.

मूल खरंच लागून कळवळत असेल तेव्हा मात्र शब्द दुरुस्त करूच नका. बर्फाच्या पाण्यात हात ठेवायचे प्रयोग ब्रिटनमध्ये मोठ्या माणसांवर झाले. २००९च्या प्रयोगात खरी शिवी उच्चारणाऱ्यांचा हात जास्त वेळ टिकला. २०२०मध्ये ‘फाउच’, ‘ट्विझपाइप’ असे बनावट शब्द देऊन पाहिले, त्यांनी हा परिणाम साधला नाही. गुळगुळीत पर्याय दुखण्यात कामाला येत नाही. आधी जखम बघा. ‘अरे देवा’ तिथे हाकच असते.

मोठ्या मुलांची शिक्षिका

‘ओएमजी’बद्दल, म्हणजे ‘ओ माय गॉड’च्या लघुरूपाबद्दल, कुणी लिहिलं नाही. दहा-अकरा वर्षांची मुलं ते विरामचिन्हासारखं टाकतात. त्यात देव आहे हे काहींना माहीतच नसतं. एकदा अर्थ सांगा, कुणाला लिहिताना टाळायचं ते सांगा, आणि सोडून द्या.

विशेष मुलांसोबत काम करणारा

वरचे सगळे उपाय लावण्याआधी एक तपासा. शब्द घटनेशी जोडलेला आहे का? वाक्याच्या मध्येच, काही न घडता, तोच उद्गार पुन्हा पुन्हा येत असेल आणि सोबत डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं असेल, तर ती टिक, म्हणजे अनावर, आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज, असू शकते. टूरेट (अशा टिक कायम येत राहणारा मेंदूविकार) असलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांनाच नको ते शब्द अनावर होतात, पण ज्यांना होतात त्यांना शिक्षेने ताण येतो आणि टिक वाढते. मूल थोडा वेळ शब्द दाबून धरू शकतं, म्हणून ‘मुद्दाम करतोय’ असं वाटतं. बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर वर्गशिक्षकांना लेखी कळवून ठेवा.

स्वमग्न मुलाचा ‘ओ माय गॉड’ बरेचदा पाहिलेल्या दृश्यातून जसाच्या तसा आलेला असतो, आवाजासकट. तो कोणत्या प्रसंगी येतो याची आठवडाभर नोंद ठेवा. बहुतेकदा ‘मला हे झेपत नाही’ असा त्याचा अर्थ निघतो, आणि मग शिकवायचं असतं ते ‘थांब’ किंवा ‘मदत’ म्हणायला.

प्राथमिक शिक्षिका (पुन्हा)

वर कुणी तरी मोठ्यांच्या सवयीचा उल्लेख केला पाहिजे होता, म्हणून लिहिते. तुमच्याच तोंडून ‘ओ गॉड’ गेलं तर ते गिळू नका. लगेच, मुलाला ऐकू जाईल असं, ठरलेला शब्द म्हणा आणि काम पुढे चालू ठेवा. मुलाने ‘तू पण म्हणालीस’ म्हटलं तर ‘हो, आता बदलला’ एवढंच उत्तर. आजी-आजोबांची जुनी सवय बदलायला जाऊ नका. ‘आजीचा तो जुना शब्द आहे, तिचा तिला राहू दे’ हे मुलांना पटतं.