मदत हवी आहे: म्हाकूल (स्क्विड) नेमका कुठल्या बोटीचा?

रत्नागिरीत आमचं छोटं फ्रीझिंग युनिट आहे. मिरकरवाडा बंदरावर एजंटकडून म्हाकूल आणि कोळंबी घेतो. एलईडी लाइटवरच्या मासेमारीला (रात्री प्रखर दिव्यांनी म्हाकूल, मासे गोळा करून पकडणं) २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, पण ढिगात पडलेला म्हाकूल कुठल्या बोटीचा ते कसं ओळखणार? एजंटला विचारलं की एकच उत्तर, "माल बघा ना!"

युरोपला माल पाठवायला एमपीडाचं (केंद्राचं समुद्री उत्पादन निर्यात प्राधिकरण) कॅच सर्टिफिकेट लागतं, म्हणजे बोटीची नोंद हवीच. कोळंबीचं दुखणं वेगळं: जाळ्यात कासवं सुटायची सोय नाही म्हणून अमेरिकेने २०१९ मध्ये आपली समुद्री कोळंबी बंद केली.

थेट तांडेलांशी (बोटीच्या प्रमुखांशी) बांधून घेतलेलं कुणी आहे का? दर किती वाढवून द्यावा लागला? आणि मालात आलेली बारकी, पूर्ण न वाढलेली पापलेटं परत पाठवली तर पुढच्या खेपेला माल मिळतो का?