मदत हवी आहे: विहिरीच्या पंपासाठी बनवलेल्या डबीचं पेटंट

नमस्कार मंडळी. मी पेडण्यातला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन. पावसाळ्यात विहिरीच्या पंपाची अर्थिंगची तार क्लॅम्पपाशी हिरवी पडून तुटते आणि पंप चालूच राहतो. आमच्या वाड्यावर एका बाईंना असाच शॉक बसला, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून खटपट करून, अर्थिंग तुटताच पंप बंद करणारी डबी बनवली. सध्या ती माझ्याच विहिरीवर आहे.

पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज मुंबई कार्यालयात ऑनलाइन करता येतो, फी १६०० रुपये, पूर्ण अर्ज १२ महिन्यांत, एवढं कळलंय. अडलंय ते क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते, लिहिण्यात. ईएलसीबीहून (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) हे वेगळं कसं, ते नेमकं कसं मांडायचं? गोव्यात कुणी पेटंट एजंट नेमलाय का, किती घेतात? कुळागरवाले (पोफळीच्या बागांचे मालक) डबी मागताहेत, पण अर्जाआधी द्यायचा धीर होत नाही. पाऊस तोंडावर आहे, कृपया लवकर सांगा.