नाताळच्या सुट्टीतला बर्फ: आता भरवसा धरायचा का?

डोंगरवाट, पुणे
जानेवारी 2024 मध्ये आईला गुलमर्गला घेऊन गेलो. वय 68, बर्फ आयुष्यात पाहिलेला नाही. पायथ्याच्या टंगमर्गला भाड्याने गमबूट आणि लांब कोट घेतला. तो अवतार करून ती गाडीत बसली आणि वाटभर खिडकीची काच पुसत होती. वर पोचलो तर सगळं मैदान तपकिरी. वाळकं गवत, घोडा गेला की उडणारी धूळ, वर कडक ऊन. एक स्लेजवाला लाकडी स्लेजला टेकून बसला होता. आईने त्याला पैसे देऊ केले, पण ओढलं नाही तर घेऊ कसे, म्हणाला. शेवटी तिने त्याला सोबत घेऊन मैदानाला पायी एक फेरी मारली. त्या फेरीचे पैसे मात्र त्याने घेतले.

चिल्लई कलां म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. ते जवळजवळ सगळे त्या वर्षी कोरडे गेले. माझं मत स्पष्ट सांगतो. नाताळच्या सुट्टीत घरच्यांना बर्फ दाखवायला न्यायची आपली पद्धत आता संपत आली आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.

पाऊलखुणा, सातारा
अजिबात पटलं नाही. तुम्हाला एक वाईट वर्ष मिळालं. त्या हिवाळ्यात एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापून जगभरचं हवामान बिघडतं ते, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला एवढा बर्फ पडला की खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा 21 तारखेपासून गुलमर्गलाच झाल्या. पुढच्याच डिसेंबरचं बघा. 27-28 डिसेंबर 2024 ला काश्मिरात इतका बर्फ झाला की महामार्गावर गाड्यांच्या रांगा अडकल्या. सोनमर्गच्या रस्त्यावर गुंड गावात अडकलेल्या पर्यटकांना गावकऱ्यांनी रात्री मशिदीत आसरा दिला. ती माणसं नाताळच्या सुट्टीतच आली होती ना? हिमालयात बर्फ कधीच घड्याळ लावून पडत नव्हता. आपण पूर्वी जात नव्हतो म्हणून कोरडी वर्षं आपल्याला दिसली नाहीत, इतकंच.

भूगोल शिकवते, नाशिक
वर्षागणिक चढउतार असतातच, हे खरं. पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात.

काश्मिरातला हिवाळी बर्फ येतो पश्चिमी चक्रावातांमुळे. भूमध्य समुद्राकडून ही वादळं येतात, वाटेत बाष्प गोळा करतात आणि हिमालयाला थडकतात. ती आली नाहीत तर थंडी कितीही असो, बर्फ नाही. 2024 च्या चिल्लई कलांच्या पहिल्या रात्री श्रीनगरचा पारा उणे 8.5 पर्यंत उतरला, डिसेंबरातली गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत थंड रात्र. तरी तेव्हा आकाश निरभ्र होतं. हा झाला नशिबाचा भाग, इथे सातारकरांशी मी सहमत आहे.

दुसरा भाग नशिबाचा नाही. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे हवा एक अंशाने तापली की पाऊस आणि बर्फ यांच्यामधली रेघ दीडेकशे मीटर वर सरकते. सिमला आहे सुमारे 2,200 मीटरवर, गुलमर्ग 2,650 वर. ही गावं त्या रेघेच्या जवळ आहेत. वादळ आलं तरी पूर्वी जिथे बर्फ पडायचा तिथे आता पाऊस पडू शकतो, आणि पडलेला बर्फ लवकर वितळतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2019 च्या अहवालात म्हटलं आहे की डोंगरांच्या खालच्या पट्ट्यातला बर्फ 1986-2005 च्या तुलनेत 2031-50 पर्यंत 10 ते 40 टक्क्यांनी घटेल, उत्सर्जन कमी केलं तरी. मुलांना हे फळ्यावर शिकवताना माझा हात थांबतो. 2050 म्हणजे ती चाळिशीत असतील.

सहलसोबती, ठाणे
मी वीस वर्षं लोकांना घेऊन काश्मीर-हिमाचल करतो. "बर्फ संपला" हे वाक्य इथे लिहिणं सोपं असतं, पण ते फिरत फिरत गेलं की तिथल्या घोडेवाल्याचं, गमबूटवाल्याचं बुकिंग रद्द होतं. त्यांची वर्षाची कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. बर्फ आहे, जागा आणि वेळ बदलायला हवी. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाता येतं, 2020 च्या आधी हिवाळ्यात आपल्याला ते शक्यच नव्हतं. आणि डिसेंबर सोडा, फेब्रुवारीत या.

डोंगरवाट, पुणे
फेब्रुवारी? 2025 च्या फेब्रुवारीत त्याच खेलो इंडिया स्पर्धा गुलमर्गला बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या गेल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. सातारकर, तुम्ही सांगितलेल्या 28 डिसेंबरच्या बर्फाचाच हा हिवाळा. मी हेच म्हणतोय. बर्फ पडेल, कधीतरी पडेल, पण चार महिने आधी विमानाची तिकिटं काढणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षा. घरात दहावीचं मूल असेल तर कोण निघतं? मराठी घराला बर्फ बघायच्या सुट्ट्या दोनच, नाताळ आणि मे. मे महिन्यात रोहतांग, तेही परवाना मिळाला तर.

ओढ्याकाठी, कोल्हापूर
कृत्रिम बर्फ का करत नाहीत? 2022 चं बीजिंग ऑलिंपिक जवळपास पूर्ण यंत्रांच्या बर्फावर झालं.

भूगोल शिकवते, नाशिक
यंत्रालाही शून्याखालची, कोरडी हवा लागते आणि पाणी लागतं. एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायला सुमारे दहा लाख लिटर. ज्या हिवाळ्यात बर्फ नाही, त्या हिवाळ्यात झरेही आटलेले असतात. ते पाणी कोणाच्या तोंडचं काढायचं?

सफरचंद, पुणे (माहेर बारामुल्ला)
लग्न होऊन पुण्यात आले, म्हणून मराठीत लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे सहलीबद्दल बोलताय, ते ठीक आहे. पण आमच्या घरी बर्फ म्हणजे पाण्याची ठेव. चिल्लई कलांमध्ये पडलेला बर्फ गोठून राहतो आणि उन्हाळ्यात हळूहळू उतरतो. मार्चमध्ये पडलेला आठ दिवसांत वाहून जातो. दोन्ही बर्फ फोटोत सारखेच दिसतात, म्हणून "उशिरा पडला तरी पडला ना" हे ऐकलं की मला त्रास होतो. सफरचंदाच्या झाडालाही हिवाळ्यात थंडीचे ठरावीक तास लागतात. मध्येच ऊब आली तर मोहर लवकर फुटतो आणि नंतरच्या गारठ्यात जळतो. 2024-25 च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी होतं, 23 वर्षांतलं सर्वांत कमी. काठमांडूच्या इसिमोड या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा आकडा आहे हा.

पण ठाणेकरांचंही खरं आहे. आमच्याकडे येणं थांबवू नका. फक्त बर्फ नसला की स्लेजवाल्यावर चिडू नका. "फोटोत तर बर्फ होता" म्हणून भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याने काय करायचं?

पाऊलखुणा, सातारा
ठेवीचा हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मी फक्त पडला की नाही एवढंच मोजत होतो. तरीही "संपत आली" हा शब्द मला जड वाटतो. अफरवटवर अजून बरीच वर्षं बर्फ राहील.

डोंगरवाट, पुणे
राहील. पण आईला गुडघ्यांमुळे आणि दम लागतो म्हणून अफरवटवर नेता येत नाही. तिच्यासाठी गुलमर्गचं मैदान हीच शेवटची जागा. त्या स्लेजवाल्याचा नंबर तिने घेतला होता. डिसेंबर लागला की ती त्याला फोन करते, आधी घरच्यांची चौकशी आणि मग तिच्या हिंदीत विचारते, "गिरा क्या?"