एफवायचं वर्ष : नाशिकला शिकताना तुमच्यात काय बदललं?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रश्न असतात. किती पडले आणि कुठे मिळालं. त्यापुढचं अख्खं वर्ष पोरं एकटी काढतात, आणि घरात त्याबद्दल फारसं बोलणं होत नाही. माझी भाची यंदा कळवणहून नाशिकला एफवायला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येतेय. ताईचे रोज फोन: मेस कुठली लावायची, गादी तिथेच मिळेल का. ही चौकशी हवीच. पण मला वाटतं, हे वर्ष जे आधी काढून बसलेत त्यांचं ऐकायला मिळालं तर त्या पोरीला जास्त उपयोग होईल.

शिक्षणासाठी नाशिकला येणं ही काही आजची गोष्ट नाही. एचपीटी कॉलेज १९२४ पासून आहे, कुसुमाग्रज तिथेच शिकले. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आलं, आरोग्य विद्यापीठ १९९८ मध्ये. बाकीची बरीचशी कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. सुरगाणा, पेठ, मालेगाव, येवल्यापासूनची मुलं इथे येतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरातून कॉलेजात जाणारं ते पहिलंच माणूस असतं.

तेव्हा लिहा. मार्क नकोत, सल्ले नंतर. त्या वर्षात तुम्ही स्वतः पहिल्यांदा काय केलंत आणि त्यानं काय बदललं, तेवढं सांगा.

सुरगाण्याची

मी बी.एस्सी.ला आले. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठीतून. अकरावी-बारावी सायन्स नावाला इंग्रजीतून, पण सर समजावायचे मराठीतच. नाशिकला वर्ग भरगच्च आणि पहिल्या तासापासून सगळं इंग्रजीत. मी फळ्यावरचं उतरवून घ्यायचे आणि रूमवर येऊन त्याच वहीकडे बघत बसायचे.

मग केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन आलं. एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडायचं आणि रंग बदलतो तो क्षण, म्हणजे एंड पॉइंट, पकडायचा. ब्युरेटला, म्हणजे त्या तोटीच्या मापाच्या नळीला, हात लावायची ती पहिलीच वेळ. एका हातानं स्टॉपकॉक, दुसऱ्या हातानं फ्लास्क हलवत राहायचं. माझं द्रावण दर वेळी एकदम गडद गुलाबी व्हायचं, म्हणजे एंड पॉइंट निघून गेलेला. बाकीचे रीडिंग घेऊन जर्नल लिहायला बसले, मी अजून फ्लास्कच धूत होते. मॅडम शेजारून चालल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "मॅडम, मला हे एकदा मराठीत सांगाल का?" एवढं बोलायला मला केवढा धीर गोळा करावा लागला ते माझं मला माहीत.

मॅडमनी फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला. म्हणाल्या, "रंग येतो आणि हलवल्यावर जातो, तोवर सोडत राहा. जायला वेळ लागायला लागला की एकेक थेंब. फिकट गुलाबी टिकला की थांबायचं." पुढच्या खेपेला जमलं. जाताना म्हणाल्या, "हे जूनमध्येच विचारायचं की गं." रागावल्या नाहीत. मला वाटायचं विचारलं की आपलं अडाणीपण उघडं पडतं.

तिथून मी विचारायला लागले. वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही, तेव्हा एका सीनियर ताईनं आदिवासी विकास विभागाच्या स्वयम् योजनेचं सांगितलं. वसतिगृह न मिळालेल्यांना जेवण-राहण्यासाठी थेट खात्यात पैसे येतात. त्याच्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, सगळं गोळा केलं. एका खिडकीवर "उद्या या" ऐकून ऐकून कंटाळले. बाबा सोबत आले होते. त्या दिवशी मी विचारलं, "उद्या कशासाठी? कुठला कागद कमी आहे तेवढं लिहून द्या." लिहून मिळालं. बाबा कचेरीत कधी मोठ्यानं बोललेले नाहीत. बाहेर चहा घेतानाही ते काही बोलले नाहीत. पण सुट्टीत गावी गेले तर शेजारच्या पोराचे महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे, कागद घेऊन माझीच वाट बघत बसले होते.

निफाडकर

ताई, तुम्ही लिहिलेलं "उद्या या" आमच्याकडेही सारखंच.

मी २०२१ च्या बॅचचा, बी.कॉम. कोरोनानंतर ऑक्टोबरात कॉलेजं उघडली आणि पाठोपाठ एसटीचा संप लागला, तो पार एप्रिलपर्यंत चालला. माझं गणित असं होतं की विद्यार्थी पास काढायचा, तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात रोज येणं-जाणं करायचं. ते सगळं कोलमडलं. शेवटी गावातल्याच तिघांबरोबर पंचवटीत रूम केली.

घरी द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की घरात कुणाला उसंत नसते. डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणी, थिनिंग (मणी विरळ करणं), एका मागोमाग एक. पहिल्या सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्यातच. दादांचा फोन आला की मी निघायचो, कारण नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नाही. त्या वर्षी मी परीक्षेचं वेळापत्रक छापून घरी नेलं, कॅलेंडरशेजारी चिकटवलं आणि दादांना सांगितलं, "या तारखांना मी येणार नाही. बाकी कधीही बोलवा, पहाटे येतो." दोन-तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग आईकडून निरोप आला, पेपर झाला की फोन कर.

स्वयंपाकही शिकलो. खिचडी, पिठलं जमतं, भाकरी अजून नाही.

हिरावाडी

आम्ही इथलेच. घर सोडलंच नाही, म्हणून आपल्याला काय अनुभव असणार असं वाटत होतं.

एफवायला एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दिलं. वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर होतं. आम्ही वनराई बंधारा बांधला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंड शिवायचं, ओढ्यात एकावर एक रचायच्या, सांधे बुजवायचे. संध्याकाळी पाणी अडायला लागलं तेव्हा गावातल्या बायका काठावर येऊन उभ्या राहिल्या. एक मावशी म्हणाल्या, "पाऊस लय पडतो आमच्याकडं, पण राहत नाही." पेठ-सुरगाण्यात धो धो पाऊस पडतो आणि मार्च आला की त्याच बायका हंडे घेऊन फिरतात. नाशिकपासून एवढ्या जवळ, आणि मला तोवर याचा पत्ताच नव्हता.

तिथून आल्यावर मी भूगोल स्पेशल घ्यायचं ठरवलं. घरच्यांना कॉमर्स हवं होतं, नंतर ते मानले. आज जलसंधारणाच्याच कामात आहे.

सिडकोतून, वय ५८

तुम्ही सगळे लेकरांच्या वयाचे. माझं पहिलं वर्ष मी अडतिशीत काढलं. लग्नाच्या आधी नववी झाली होती. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली की बारावी नसतानाही बी.ए.ला प्रवेश मिळायचा, हे मला आमच्या बचत गटातल्या एका बाईनं सांगितलं. यांची अंबडला कंपनीत शिफ्ट, मुलगी दहावीत. पुस्तकं घरपोच नाही, अभ्यासकेंद्रावरून आणायची. रविवारी संपर्कसत्र. मुलीला खोटं वाटायचं, आई खरंच कॉलेजात जाते.

पुस्तकांची मांडणी फार चांगली होती. धडा आपला आपण वाचून समजावा अशीच लिहिलेली, मध्ये मध्ये प्रश्न, शेवटी उत्तरं. मी पहाटे चारला उठून वाचायची. यांची रात्रपाळी असली की ते सहाला यायचे, तोवर माझी दोन पानं लिहून झालेली असायची. आधी त्यांना आवडलं नाही. "आता या वयात कशाला?" असं दोन-चार वेळा म्हणाले. मी वाद घातला नाही, वाचत राहिले. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र स्वतः सायकलवर सेंटर बघून आले आणि म्हणाले, गेट मागच्या बाजूनं आहे, समोरून जाऊ नकोस.

काय बदललं विचाराल तर सही. आधी जिथे सांगतील तिथे सही करायचे. त्या वर्षापासून कागद पूर्ण वाचल्याशिवाय करत नाही. बचत गटाच्या कर्जाच्या कागदावर व्याजाचा दर मीच मोठ्यानं वाचून दाखवला आणि पाच जणींनी तिथल्या तिथे प्रश्न विचारले. पुढे बी.ए. पूर्ण केलं. मुलगी आता शिक्षिका आहे, पण आमच्या घरात पदवी आधी माझी आली.

मालेगावची

शाळा उर्दू माध्यमाची. फार्मसीला नाशिकला आले, हॉस्टेलला रूममेट चांदवडची. तिनं मला मराठी बोलायला लावलं, मी तिला बिर्याणी शिकवली. पहिल्या दोन महिन्यांत रोज रात्री रडायचे, कुणाला सांगत नव्हते. आमच्या एका मॅडमनी टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर वर्गात फळ्यावर लिहिला होता, १४४१६, मराठीतही बोलतात आणि पैसे लागत नाहीत. मी फोन केला. पलीकडच्या ताईनं घाईनं काही समजावलं नाही, ऐकून घेतलं. ज्यांना लागेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड

मी आयुष्यभर पहिल्या वर्षाला शिकवलं. बहुतेकांना तिसऱ्या वर्षाचे वर्ग हवे असतात, मला एफवायच आवडायचं. जूनमध्ये शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसलेला मुलगा फेब्रुवारीत दारात गाठून "सर, हे मला पटलं नाही" म्हणतो, त्यासाठी मी शिकवत होतो. सुरगाण्याच्या मुलीचं वाचून फार बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र पालकांना कळकळीनं सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४ पासून आपल्या संलग्न कॉलेजांत पहिलं वर्ष पूर्ण करून, ठरलेले क्रेडिट मिळवून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय आहे. ज्याला खरोखर अडचण आहे त्याच्यासाठी ती चांगली. पण "एक वर्षाचं सर्टिफिकेट झालं, आता स्थळ बघू" असं मी दोन घरांत स्वतः ऐकलंय. तसं करू नका. एफवायच्या शेवटी मुलगी नुकती कुठे तोंड उघडायला लागलेली असते. दुसरं आणि तिसरं वर्ष तिच्या हक्काचं आहे. निघायचं असेल तर तिनं स्वतः ठरवावं, आणि परत यायची वाट तिला माहीत असावी.

येवल्याची, यंदा प्रवेश

सगळं वाचलं. मला बी.फार्म.ला नाशिक मिळेल असं वाटतंय. घरी फीचंच टेन्शन आहे, पप्पा पैठणी विणतात. रूम कशी बघायची तेही कळत नाही.

मालेगावची

अगं, मुलींसाठी २०२४ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसायला हवीस. तुम्ही कशात बसता ते पप्पांना विचार. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आत्ताच काढायला टाक, जुलैत सेतूवर रांग असते. फॉर्म महाडीबीटीवर भरायचा आणि भरल्यावर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तो पुढे पाठवला का, हे विचारत राहायचं.

रूम बघायला येशील तेव्हा मम्मीला सोबत आण. पाणी किती वेळ येतं ते घरमालकाला विचारू नको, तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचार.